टीप, टीप, तुरपाई, गाठ

६ फेब्रुवारी

टाचणे,

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. मी शिवणारी बाई आहे, इस्त्रीवाली नव्हे. आठ्या काढणं आमच्याकडे होत नाही.

पत्ता कुठून मिळाला म्हणून आता खोलीभर फेऱ्या मारू नकोस, सांगते. माझ्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून जी चष्मेवाली मोबाईल आणि गेमची मशीनं दुरुस्त करते, तिच्याकडे तू तुझा रिमोट पाठवला होतास ना, बटण बसवायला? (ती म्हणते रिमोट नाही, कंट्रोलर. बरं, कंट्रोलर.) पावती काउंटरवर पडली होती. सातवी शिकलेय मी, उलटं अक्षरसुद्धा वाचता येतं. चष्मेवालीला काही बोलू नकोस, ती समोरच्या गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. निदान तसं दाखवत होती.

दोन वर्षं झाली. मोजत नाही मी, पण तू गेलीस त्या दिवशी ज्या पडद्याचं कापड फाडलं होतं ते अजून तसंच पडलंय, त्याच्यावरची धूळ मोजते. दोन वर्षं, आणि तीही एका वाक्यासाठी. "नुसता खेळ तर आहे गं." एवढंच तर म्हणाले मी. फायनल हरलेल्या लेकीला आईनं दुसरं काय म्हणायचं असतं, ते मला आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

असो. बातमी अशी की तुझी आई आता गेम खेळते.

हस, हस. चष्मेवालीनं मागची खोली रिकामी करून चार टीव्ही आणि दोन बाकडी टाकली आहेत. दुपारी माझ्याकडे गिऱ्हाईक नसतं, तिच्याकडे पंखा असतो. बसले एकदा वाऱ्याला. तिनं हातात कंट्रोलर दिला आणि म्हणाली, "काकू, कोण घेणार?" स्क्रीनवर वीसेक माणसं ओळीनं उभी होती, कुणाला शिंगं, कुणाला पंख. मी ती लांब वेणीवाली घेतली. का, तर तिच्या अंगरख्याची बाही नीट बसवलेली होती. बाकीच्यांचे खांदे बघवत नव्हते.

पहिल्याच दिवशी तिघांना लोळवलं. कसं ते विचारू नकोस, मला माहीत नाही. सगळी बटणं एकदम दाबली.

तुझी आई
(अजून आहे)


२७ फेब्रुवारी

टाचणे,

तुझं उत्तर आलं नाही, त्यामुळे तू मजेत आहेस असं धरून चालते. रागावलेली माणसं फार तब्येतीत असतात.

इथली गंमत ऐक. चष्मेवालीच्या खोलीत दोन बाकडी आहेत म्हटलं ना, त्यांची मी नावं ठेवली आहेत. खिडकीजवळचं गंमतवाल्यांचं आणि भिंतीजवळचं गणितवाल्यांचं. खिडकीवर आम्ही बसतो. मी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि जो कुणी वाट चुकेल तो. आम्ही खेळता खेळता चहा पितो, फोन घेतो, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतो. पोस्टमास्तर तर मारामारी चालू असताना समोरच्या शिंगवाल्याला म्हणतात, "थांबा हो जरा, चष्मा पुसतो." आणि आम्ही थांबतो.

भिंतीवर कुणी बोलत नाही. टकटक बटणं वाजतात आणि मधेच कुणीतरी सुस्कारा सोडतं. औषधाच्या दुकानात असते तसली शांतता. तू असतीस तर तिथंच बसली असतीस, पाठ ताठ करून.

तर झालं काय, मला एक युक्ती सापडली. वेणीवालीला खाली बसवायचं आणि समोरच्याचा पाय ओढायचा. तो उठला की परत ओढायचा. पोस्टमास्तरांचा पैलवान नऊ वेळा उठला आणि नऊ वेळा आडवा झाला. दहाव्यांदा त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"बाई, हे काही बरं नाही. एकच लाथ किती वेळा मारायची?"

"लागते तितक्या वेळा."

"जरा वेगळं काहीतरी करा की. आम्ही इथं करमणुकीला येतो."

"माझी होतेय की करमणूक."

भिंतीकडून चष्मेवाली मान न वळवता म्हणाली, "नियमात बसतं, मास्तर."

"नियमात बसत असेल. मनात बसत नाही." आणि ते खरंच उठून गेले गं. छत्री विसरून.

मी छत्री घेऊन त्यांच्या मागे गेले नाही. बसून राहिले. पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं की त्या खोलीत दोन निरनिराळे खेळ चालतात आणि स्क्रीनवर ते अगदी सारखे दिसतात. खिडकीवरच्यांचा नियम मनात असतो, कुणाला फार लागू द्यायचं नाही. भिंतीवरच्यांचा नियम मशीनमध्ये असतो. मशीन जे करू देतं ते सगळं चालतं, आणि मग लागलं तरी कुणी रुसत नाही. भांडण होतं ते एक माणूस या बाकड्यावरून आणि एक त्या बाकड्यावरून खेळायला लागला की.

हे मी पोस्टमास्तरांबद्दल लिहितेय. तू कान टवकारू नकोस.

आणि हो, तुला वाटतं ना की बाबा तुझ्याकडून मुद्दाम हरायचे? ते गेल्यावर तू रडत म्हणाली होतीस, "मला जिंकवायला हरायचे ते." मी तेव्हा हो म्हटलं. खरं सांगू? त्यांना येतच नव्हतं. तू झोपलीस की बसायचे शिकायला, आणि उडी कुठल्या बटणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही त्यांना. तू बाबांना खरं हरवलंयस, प्रत्येक वेळी. एवढं तुझ्या नावावर करून ठेवते.

तुझी आई


२ एप्रिल

टाचणे,

बाकडं बदललं. मी आता भिंतीवर बसते.

पोस्टमास्तर परत आले, छत्री न्यायला म्हणून, आणि खिडकीवर बसून मला बघत असतात, जशी काही मी परदेशी निघाले आहे. "काय बाई, काय म्हणतं तिकडचं हवापाणी?" मी म्हणते, "कोरडं आहे, मास्तर."

खोटं नाही. पहिल्या आठवड्यात मी चष्मेवालीकडून बेचाळीस वेळा हरले. ती हसत नाही, चिडवत नाही, एकदाही म्हणत नाही की काकू, छान प्रयत्न. प्रत्येक वेळी एकच विचारते.

"का हरलात?"

"नशीब."

"नशीब नाही. दुसऱ्या लाथेनंतर तुम्ही उघड्या पडता. किती वेळ?"

"मला काय माहीत? डोळा लवतो तितका."

"सेकंदाचे साठ तुकडे करा. त्यातले चौदा."

आता मला सांग, असं कुणी बोलतं का? पण घरी येऊन मशीनवर बसले, पँटीला टीप मारायला घेतली आणि पाय थांबला. अगं, हे तर मी रोज करते. सुई किती वेळ वर असते आणि कापड कधी सरकवायचं हे मला कुणी आकडा सांगून शिकवलेलं नाही, पण पायाला माहीत आहे. उशीर झाला तर सुई मोडते, लवकर झालं तर टाका सुटतो. चौदा तुकडे म्हणे. माझ्या अंगठ्याला चौदा कळत नव्हते, टाके कळत होते.

मग मी कापड बेतायच्या कागदावर सगळं उतरवून काढलं, माझ्या भाषेत. हलका ठोसा म्हणजे धावदोरा. जोरकस ठोसा म्हणजे टीप. खालून पाय ओढणं म्हणजे तुरपाई, कारण तुरपाई नेहमी खालच्या काठालाच. शेवटचा उचलून आपटायचा दणका म्हणजे गाठ. आणि समोरचा मारत सुटला की त्याच्या माराच्या मधली फट शोधून तो मोडायचा, त्याला उसवण. वेणीवालीचा सगळ्यात चांगला डाव असा निघाला: टीप, टीप, तुरपाई, गाठ. तोंडानं म्हणत खेळले की अंगठा चुकत नाही. चष्मेवालीनं कागद बघितला, चष्मा वर केला, खाली केला.

"काकू, हे काय आहे?"

"गणित."

त्रेचाळिसाव्या वेळी मी तिला हरवलं. खिडकीवर पोस्टमास्तर उभे राहिले. चष्मेवाली म्हणाली, "मी का हरले?" मी म्हटलं, "तुझी शिवण कच्ची होती." तेव्हा ती हसली. तिला दात आहेत, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

आता एक कबुली, शांतपणे वाच. या गेममध्ये दूरच्या लोकांशी पण खेळता येतं, ऑनलाइन. नाव घ्यावं लागतं. मी 'शेजारीण' घेतलं, कारण सगळ्या गल्लीला माझं तेच भय आहे. आणि मागच्या सोमवारी यादीत खाली खाली जाताना मला 'टाचणी' दिसलं.

टाचण्या जगात खूप असतील. पण या टाचणीनं तोच काळ्या पंखांचा माणूस घेतला होता जो तू बाबांबरोबर खेळताना घ्यायचीस. मी घरात तुला ज्या नावानं हाक मारते ते तू त्या यादीत टांगून ठेवलंयस, सगळ्या जगाला दिसेल असं. आणि पत्राला मात्र उत्तर देत नाहीस. कमाल आहे बाई तुझी.

अकरा वेळा खेळले तुझ्याशी. अकरा वेळा हरले. म्हणजे ती भोचक शेजारीण, जिला तू दर दुपारी दोन मिनिटांत झोपवत होतीस, ती मी.

एक सांगू? तू आळशी खेळतेस. मला हरवायला पुरतं, पण मला कळतं. आणि अजून उडी मारायच्या आधी क्षणभर स्तब्ध उभी राहतेस. चष्मेवालीच्या तुकड्यांत सांगायचं तर आठ-दहा.

तुझी आई
(आणि शेजारीण)


१९ एप्रिल

टाचणे,

शेजारणीचं पत्र गेल्यापासून यादीत तू दिसत नाहीस. म्हणजे एक तर पत्र वाचून नाव काढून टाकलंस, नाही तर पत्र फाडलंस आणि कामात असशील. पोस्टमास्तरांना विचारलं, तुमचं खातं काय म्हणतं? ते म्हणाले, "बाई, पोचवणं आमचं, उघडणं त्यांचं."

आज थट्टा करणार नाही. म्हणजे प्रयत्न करते.

मी चष्मेवालीला विचारलं होतं, माझी लेक आळशी का खेळते? तिनं मशीनवर तुझं नाव काढून दाखवलं. म्हणाली, "काकू, ही फक्त मोकळ्या खोलीत खेळते. गंमतीच्या. गुणांच्या खोलीत पाय ठेवलेला नाही. दोन वर्षांत एक स्पर्धा नाही. आधीचं बघा, महिन्याला दोन-दोन असायच्या."

मी म्हटलं, असेल, कंटाळली असेल.

तिनं विषय सोडला आणि मला भिंतीवरचा धडा देत बसली. प्रत्येक खेळणाऱ्याला एक खोड असते म्हणे. कुणी मारायच्या आधी मागे सरकतं, कुणी घाबरलं की उडी मारतं. "ती खोड वाचायची, काकू. वाचायची आणि बोलायची नाही."

माझ्या हातातून कंट्रोलर पडला. खरंच पडला, एक कोपरा उडालाय.

तर ऐक. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आले की एका वाक्यावरून लेक गेली. वाक्यं दोन होती.

त्या सभागृहात तू शेवटच्या राउंडला होतीस, स्क्रीनवरच्या पट्टीत दोघींचं रक्त एवढं एवढंसं राहिलं होतं. मी डबा घेऊन तुझ्या खुर्चीमागे, जरा बाजूला उभी होते. तुझ्या कानांवर ते मोठं हेडफोनचं कानटोपरं होतं. तुझ्यासमोरच्या मुलीनं तिचं काढून गळ्यात घातलं होतं, घामामुळे असेल. आणि मला माझ्या लेकीचं कौतुक दाखवायची हौस. तू खालचा ओठ चावलास. लहानपणी भिंतीवरून उडी मारायच्या आधी चावायचीस तसाच. मी शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हटलं, "आता बघा, ओठ चावला, आता ही उडी मारणार."

चार माणसं हसली. तू उडी मारलीस. आणि ती मुलगी हात वर करून वाटच बघत होती.

तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. मला तेव्हाच कळलं होतं, टाचणे. त्याच क्षणी कळलं. आणि त्यावर झाकण म्हणून मी ते दुसरं वाक्य टाकलं, नुसता खेळ तर आहे गं. तू तेवढंच ऐकलंस. पहिलं तुला ऐकूच आलं नव्हतं. दोन वर्षं तू असं समजत असशील की तुझा हात ऐन वेळी चुकला, तू फायनलच्या लायकीची नाहीस. तुझा हात चुकला नव्हता. माझं तोंड चुकलं.

तेव्हा मी खिडकीवरच्या बाकड्यावर होते आणि तू भिंतीवरच्या. आता भिंतीवर बसते म्हणून मला कळतं की मी काय केलं. चालू सामन्यात कुणाची खोड मोठ्यानं सांगायची म्हणजे शिवता शिवता दुसऱ्याच्या कापडाला कात्री लावायची.

हे वाचून तू आणखी दोन वर्षं बोलली नाहीस तर मी समजेन. मला आवडणार नाही, पण समजेन. फक्त गंमतीच्या खोलीत अशी तोंड लपवून बसू नकोस. तिथं बसायला हरकत नाही, मी पण बसते, पण स्वतःच्या पायानं जाऊन बसावं.

१६ आणि १७ मेला खुली ऑनलाइन स्पर्धा आहे. कुणीही नाव द्यावं. मी दिलंय.

तुझी आई


१७ मे, रविवार

टाचणे,

घाईघाईनं लिहितेय, पण टाका सरळ येईल.

काल सकाळी दहाला चष्मेवालीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि जोड्यांची यादी काढली. चौसष्ट नावं. मी माझं शोधत होते. पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, हे बघा." बोट ठेवलं होतं ते 'टाचणी'वर. दोन वर्षांनी.

चष्मेवाली म्हणाली, "काकू पाणी प्या." पाणी प्याले. मग हिशेब केला की आपण दोघी जिंकत गेलो तर तिसऱ्या फेरीत गाठ. पण नाव दिलंय म्हणजे पत्र उघडलंय असं थोडंच आहे? नाव तू माझ्या पत्राशिवायही दिलं असशील. तुझं मन झालं असेल, काहीही. मी स्वतःला बजावलं की आशेला फार लांब कापड फाडायचं नाही.

पहिली फेरी, कुणी 'महाकाल'. एवढं मोठं नाव आणि खाली बघायची सवय नाही. सगळा वेळ तुरपाईच केली. दुसरी फेरी अवघड गेली. त्या समोरच्यानं एकदा मला हरवलं, आणि मग मला त्याची खोड दिसली, तो चिडला की पुढे धावायचा. धावू दिलं. वाचलं, आणि बोलले नाही. चष्मेवाली मागे उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर बोट टेकवलं, एकच. तिच्याकडून हे म्हणजे हार घालण्यासारखं.

आणि मग समोर काळे पंख.

टाचणे, तू आळशी खेळली नाहीस. पहिला राउंड संपायच्या आत माझ्या पाठीला घाम. मला एक श्वास घेऊ दिला नाहीस, वेणी धरून धरून आपटलंस. मला इतका आनंद झाला की मी हरतेय हेच विसरले. पोस्टमास्तर म्हणाले, "अहो ही तुमची मुलगी ना? जरा सांभाळून तरी..." मी म्हटलं, "गप्प बसा मास्तर, ती मला मान देतेय."

दुसरा राउंड मी घेतला. उसवलं तुला, दोनदा, मधल्या फटीत. तिथं मला वाटलं की स्क्रीनच्या पलीकडे कुणीतरी 'अरेच्चा' म्हणालं. म्हणाली होतीस का?

तिसरा. दोघींचं रक्त एवढं एवढंसं. अगदी त्या दिवसासारखं. आणि तू थांबलीस. स्तब्ध. आठ-दहा तुकडे.

मला माहीत होतं पुढे काय. ओठ, मग उडी. माझ्या मनात आलं, दुसऱ्यांदा करू का हे तुझ्याशी? आणि लगेच कळलं की सोडून दिलं तर ते त्याहून वाईट. तोंडानं सांगणं वेगळं आणि अंगठ्यानं खेळणं वेगळं. मी वर मारायला हात उचलला.

तू उडी मारलीच नाहीस.

तू जमिनीवरच होतीस. माझा हात वर, अंग सगळं उघडं. टीप. टीप. तुरपाई.

गाठ.

वेणीवाली उताणी पडली. खोलीतल्यांना वाटलं बाईला लागलं. पोस्टमास्तर तर खुर्ची सरकवून माझ्याजवळ आले. आणि मी हसायला लागले ते थांबेचना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काकू, का हरलात?" चष्मेवालीनं विचारलं, सवयीनं.

"तिनं पत्र वाचलंय," मी म्हटलं. "सगळी वाचलीत. थांबते ते मी लिहिलं होतं. टाके मी लिहिले होते. पंखवाल्याचा तो डावच नाही, तो माझा डाव आहे, तिनं माझ्या कागदावरून उचललाय."

पोस्टमास्तर ताठ उभे राहिले. "मी म्हटलं नव्हतं? पोचवणं आमचं." जसं काही त्यांनीच पायी नेऊन दिलं.

हरून इतकं जिंकता येतं हे मला ठाऊक नव्हतं. शेजारीण तिसऱ्या फेरीत बाद, वय त्रेपन्न, डोकं वर.

आज फायनल. फायनलला खेळणाऱ्यांचे चेहरे पण दाखवतात हे मला चष्मेवालीनं आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसरी साडी... जाऊ दे, तू मला कुठं बघत होतीस. कोपऱ्यातल्या चौकटीत तू आलीस. केस कापलेस. मानेवर छान बसलेत, मागून थोडे तिरपे गेलेत, कुणाकडे कापतेस? गालफडं बसली आहेत. गळ्याशी तो जुना निळा शर्ट, त्याची कॉलर मी उलटून लावली होती. तो अजून घालतेस.

सामना सुरू व्हायच्या आधी मी दुकानात जाऊन टाचण्यांची डबी आणली. सहा टाचण्या ओठांत धरल्या. आम्ही शिवणाऱ्या बायका माप टाचताना धरतो तशा. सहा टाचण्या तोंडात असल्या की बाई एक अक्षर बोलू शकत नाही. पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, गिळाल." मी मानेनंच नाही म्हटलं.

तशीच बसले, सबंध वेळ. समोरचा तगडा होता, मागच्या वर्षीचा विजेता. तू एक राउंड घेतलास, त्यानं एक घेतला. खोलीत आज खिडकीवाले आणि भिंतीवाले एकाच बाकड्यावर कोंबून बसले होते.

शेवटचा राउंड. आणि त्या चौकटीत मला दिसलं. तू खालचा ओठ चावलास.

टाचण्या माझ्या जिभेला लागल्या. मी हूं की चूं केलं नाही.

तू उडी मारलीस. आणि यावेळी कुणाला माहीत नव्हतं.

वरून आलीस ती सरळ त्याच्या खांद्यावर, आणि तो आडवा झाला तो उठलाच नाही. पोस्टमास्तरांनी छत्री उघडली, खोलीत, का ते त्यांनाही सांगता येत नाही. चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला. तू तुझ्या चौकटीत दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होतीस. मी एक एक करून सहा टाचण्या काढल्या आणि डबीत मोजून ठेवल्या.

मग ओरडले. गल्लीतल्या इस्त्रीवालीनं एक शर्ट जाळला म्हणे.

विजेती टाचणी. माझी आहे ती.

तुझी आई


३० मे

टाचणे,

तुझं पत्र आलं. पोस्टमास्तरांच्या हातात पडलं, कारण ते आता रोज टपाल येण्याच्या वेळी माझ्या पायरीवर उभे असतात, निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. पाकीट मी त्यांच्यासमोर उघडलं. ते म्हणाले, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "उघडणं आमचं, वाचणंही आमचं." पण मग वाचून दाखवलं. दोन ओळींचं तर आहे.

"आई, तुझा डावा अंगठा उशिरा येतो. कोपर टेबलाला टेकवत असशील, टेकवू नकोस. रविवारी दुपारी तीनला ये."

दोन वर्षांनी लेकीचं पत्र येतं आणि त्यात खुशाली नाही, नमस्कार नाही, माझ्या कोपराची तक्रार. मी सात वेळा वाचलं. खरंच टेकवते गं मी कोपर, मशीनवर टेकवायची सवय. तू इतक्या दुरून, पंख लावून, वेणीवालीच्या मारावरून माझं कोपर बघितलंस. इतकं नीट मला बऱ्याच दिवसांत कुणी बघितलेलं नाही.

चष्मेवालीला दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. मी पण सांगणार होते." चारच महिन्यांनी सांगणार होती.

रविवारी तीनला चष्मेवालीच्या खोलीतून ऑनलाइन येते. गंमतीत खेळायचं की जिंकायला ते तू लिहिलं नाहीस. मी दोन्ही तयारीनं बसते. आधी जिंकायला खेळू, मग चहा घेऊन गंमतीत. त्या वेळी तू फोन लाव, म्हणजे चिडवता येईल. केसांबद्दल बोलायचं आहे, आणि गालफडांबद्दल तर बरंच.

टाचण्या डबीत राहतील. या वेळी तोंड मोकळं. ओठ चाव, हव्या तितक्या उड्या मार. समोर मीच असणार, तुझी खोड सांगायला मला दुसरं कुणी नाही.

ते जुनं पडद्याचं कापड आज झटकून शिवायला घेतलं. कोपर वर ठेवून.

तुझी आई